मशालीपलीकडचा गॉब्लिन कोणाला दिसतो? ५ई ची दृष्टिरेषा आणि खरा उजेड

दिवटी

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रं रंगवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे ५ई मध्ये (इथे २०१४ चे नियम), टेबलावर हमखास वाद होतो तो उजेडावरून. त्यासाठी हा धागा. चर्चा हवेत जाऊ नये म्हणून एकच प्रसंग समोर ठेवतो.

दगडी दालन, १२० फूट लांब. एका टोकाला चौघांची टोळी, एकाच्या हातात मशाल. त्यांच्यापासून १०० फुटांवर काळोखात एक गॉब्लिन (छोटा राक्षस), हातात शॉर्टबो (छोटं धनुष्य). गॉब्लिनला डार्कव्हिजन, म्हणजे काळोखात पाहायची शक्ती, ६० फूट. मध्ये खांब नाही, भिंत नाही. कोणाला कोण दिसतं?

२०१४ च्या प्लेअर्स हँडबुकची, म्हणजे खेळाडूंच्या नियमपुस्तकाची, पहिली छपाई शब्दशः वाचली तर उत्तर विचित्र येतं. हेव्हिली ऑब्स्क्युअर्ड, म्हणजे नजरेपासून पूर्ण झाकलेल्या, जागेत असलेला प्राणी आंधळा धरावा असा त्या वाक्याचा अर्थ होता, आणि काळोख म्हणजे हेव्हिली ऑब्स्क्युअर्ड. म्हणजे काळोखातल्या गॉब्लिनला समोर जळणारी मशालसुद्धा दिसायची नाही. पुढे शुद्धिपत्रात हे सुधारलं: अशा जागेतली वस्तू पाहू जाणारा त्या वस्तूपुरता आंधळा. शब्द थोडे बदलले, पण प्रश्नच फिरला. आधी नियम विचारत होता की पाहणारा कुठे उभा आहे. आता विचारतो की पाहायची वस्तू कुठे आहे. प्रकाशाच्या दृष्टीने दुसराच प्रश्न बरोबर. वस्तूवरून निघालेला प्रकाश डोळ्यात शिरला की वस्तू दिसते, मग डोळ्याचा मालक काळोखात का असेना.

माझं म्हणणं असं की 'दिसतं का' या एका प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न आहेत. वाट मोकळी आहे का? वस्तूवर उजेड किती? आणि मागच्या गोष्टींपासून ती वेगळी उठून दिसते का? पहिल्याचं उत्तर पुस्तक नेमकं देतं, दुसऱ्याचं ढोबळ देतं, तिसऱ्याचं देतच नाही. टेबलावरचे बहुतेक वाद हे तीन प्रश्न एकत्र कालवल्याने होतात.

फासेपारखी

पहिल्या प्रश्नाचे नियम इथे मांडून ठेवतो, म्हणजे पुढे परत सांगावे लागणार नाहीत.

डंजन मास्टर्स गाइडमधली, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या पुस्तकातली, चौकटींची रीत (नकाशावरचा ५ फुटी चौरस म्हणजे एक चौकट): पाहणाऱ्याच्या चौकटीचा एक कोपरा निवडा, तिथून समोरच्या चौकटीच्या कुठल्याही भागापर्यंत रेषा ओढा. दृष्टी अडवणाऱ्या कशालाही न शिवता एक जरी रेषा पोचली, तरी दृष्टिरेषा आहे. कव्हरसाठी, म्हणजे आडोशासाठी, निवडलेल्या कोपऱ्यावरून लक्ष्याच्या एका चौकटीच्या चारही कोपऱ्यांना रेषा ओढायच्या. एक किंवा दोन अडल्या तर हाफ कव्हर, एसी ला, म्हणजे वार चुकवणाऱ्या आकड्याला, २ ची भर. तीन किंवा चार अडल्या पण बाण तरी पोचू शकतो, तर थ्री-क्वार्टर्स, ५ ची भर.

आता गफलत कुठे होते ते. स्पेलसाठी, म्हणजे मंत्रासाठी, 'दिसणं' आणि 'मोकळी वाट' या दोन वेगळ्या अटी आहेत. लक्ष्य टोटल कव्हरमागे, म्हणजे पूर्ण आडोशामागे, नसावं ही सर्वसाधारण अट, आणि 'तुला दिसणारा प्राणी' ही त्या-त्या स्पेलच्या मजकुरातली. बंद खिडकीची काच दृष्टी अडवत नाही, पण टोटल कव्हर देते. म्हणून काचेपलीकडच्या माणसावर त्याला जागीच खिळवणारा होल्ड पर्सन टाकता येत नाही, मात्र मिस्टी स्टेपने ३० फुटांतल्या दिसणाऱ्या रिकाम्या जागी जाता येतं, कारण तिथे फक्त जागा दिसावी लागते. ३.५ आवृत्तीत या दोन रेषांना दोन स्वतंत्र नावं होती, लाइन ऑफ साइट आणि लाइन ऑफ इफेक्ट. ती नावं ५ई ने ठेवायला हवी होती असं मला ठामपणे वाटतं.

कवडसा

दुसऱ्या प्रश्नाचं गणित करून पाहू. पुस्तकातले आकडे वाटतात तितके मनमानी नाहीत.

मेणबत्तीची तीव्रता जवळपास १ कँडेला. पुस्तकात तिचा ब्राइट (पूर्ण) उजेड ५ फुटांपर्यंत, त्यापुढे आणखी ५ फूट डिम (मंद). एका बिंदूतून पसरणारा उजेड अंतराच्या वर्गाने पातळ होतो. ५ फूट म्हणजे १.५२ मीटर, तिथे १ भागिले २.३२ म्हणजे ०.४३ लक्स (लक्स म्हणजे वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचं माप). १० फुटांवर ०.११ लक्स. ही झाली पुस्तकाची दोन उंबरठ्यांची मापं: ०.४३ च्या वर ब्राइट, ०.११ पर्यंत डिम, त्याखाली काळोख.

आता मशाल. ब्राइट २०, डिम ४० पर्यंत. दोन्ही अंतरं मेणबत्तीच्या चौपट, म्हणजे तीव्रता १६ पट, दोन्हीकडून १६ च. हूडेड लँटर्न ३० आणि ६०, दोन्हीकडून ३६ कँडेला. जुळतं. स्वच्छ आकाशातल्या पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड साधारण ०.१ ते ०.३ लक्स, आणि लखलखीत पौर्णिमेला पुस्तक डिम म्हणतं. तेही जुळलं.

एकटा साधा लॅम्प जुळत नाही. ब्राइट १५ फूट, डिम ४५ पर्यंत. ब्राइटवरून ९ कँडेला निघतात, डिमवरून २०. एकाच ज्योतीच्या दोन तीव्रता असू शकत नाहीत. घरच्या नियमात हा लॅम्प १५ आणि ३० करावा.

बुल्सआय लँटर्न मला सगळ्यात आवडतो. ६० फुटांचा शंकू ब्राइट, पुढे आणखी ६० डिम, म्हणजे १४४ कँडेला. ५ई मधला शंकू जितका लांब तितकाच टोकाला रुंद, म्हणजे एकूण कोन ५३ अंशांचा. संपूर्ण गोलाच्या साधारण एकोणिसाव्या हिश्श्यात तो मावतो. ३६ कँडेलाची ज्योत पूर्णपणे त्या शंकूत वळवली असती तर ६८० कँडेला मिळाले असते. १४४ म्हणजे त्याचा पाचवा हिस्सा. काजळी धरलेल्या पत्र्याच्या परावर्तकाकडून एवढंच मिळावं, हे पटण्यासारखं आहे.

आणि डेलाइट स्पेल. ६० फूट ब्राइट म्हणजे हिशेबाने १४४ कँडेलाच. मध्यबिंदूपासून १० फुटांवर १५ लक्स. भर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स असतात. २०१४ च्या मजकुरातल्या त्या स्पेलचा उजेड सूर्यप्रकाश मानू नये असा जो अर्थ लावतात, त्याला भौतिकशास्त्राचा पूर्ण पाठिंबा आहे.

चौकट

कवडसा, चार जणांनी चार मशाली पेटवल्या तर? पुस्तकाप्रमाणे त्याच २० फुटांत चार वेळा ब्राइट. हे चुकीचं वाटतं. आणि खांबाच्या सावलीचं काय? फाउंड्रीत, म्हणजे हा खेळ संगणकावर नकाशासकट खेळायच्या सॉफ्टवेअरमध्ये, खांबामागे कोळशासारखा काळा पट्टा पडतो आणि खेळाडू त्यात जाऊन बसतात.

कवडसा

मशाली: उजेड बेरजेने वाढतो, अंतर वर्गमुळाने. एकाच ठिकाणच्या चार मशालींनी त्रिज्या दुप्पट होते, ४० आणि ८० फूट. दोन मशालींनी सुमारे १.४ पट, म्हणजे चौकटींच्या हिशेबात ३० आणि ६० धरायला हरकत नाही. नऊ लागतात तेव्हा कुठे तिप्पट. ही रीत टेबलावर चटकन चालते, कारण बेरीज करायची वेळ क्वचितच येते.

सावलीचं उत्तर भिंतीच्या रंगात आहे. भिंतीवर आदळलेला उजेड परत खोलीत येतो, पुन्हा आदळतो, आणि सगळीकडे थोडाथोडा पसरतो. ढोबळ सूत्र असं: दिव्याचा एकूण प्रकाश भागिले खोलीच्या सगळ्या भिंती-छत-जमिनीचं क्षेत्रफळ, गुणिले परावर्तन भागिले एक वजा परावर्तन. २० फूट लांब-रुंद आणि १० फूट उंच खोली घ्या. मापं ६, ६ आणि ३ मीटर, एकूण पृष्ठभाग १४४ चौरस मीटर. मशाल १६ कँडेला म्हणजे साधारण २०० ल्युमेन.

चुन्याने रंगवलेली, ६० टक्के परावर्तनाची खोली असेल तर खांबामागेसुद्धा २.१ लक्स. पुस्तकाच्या मापाने हा ब्राइट उजेडच झाला! काळ्या दगडाची, १० टक्के परावर्तनाची असेल तर ०.१५ लक्स, म्हणजे जेमतेम डिम. अजिंठा-वेरूळची लेणी ज्या बेसाल्टात कोरली तसा उघडा, कोरडा, काळा दगड डोळ्यांसमोर आणा. तिथेही छोट्या खोलीत खांबामागे मिट्ट काळोख होत नाही. मोठ्या दालनात मात्र क्षेत्रफळ झपाट्याने वाढतं. मापं चौपट केली तर परतणारा उजेड सोळाव्या हिश्श्यावर येतो आणि खांबामागे खरोखर काळं होतं.

म्हणून माझा नियम: ३० फुटांहून लहान बंद खोलीत कुठलीही उघडी ज्योत असेल तर सावलीची जागा डिम धरायची, काळोख धरायचा नाही. पांढऱ्या खोलीत सावली धरायचीच नाही.

काजळी

फाउंड्रीत हे करायची पद्धत सांगते, कारण ते सॉफ्टवेअर परतीचा उजेड मोजत नाही. मशालीचा उजेड आहे तसा टोकनवर (पात्राच्या सोंगटीवर) ठेवा. त्याशिवाय खोलीच्या मध्यावर दुसरा दिवा ठेवा: ब्राइट शून्य, डिम खोली व्यापेल इतका, ॲनिमेशन बंद. खांब त्या दिव्यालाही अडवतो, पण दोन दिव्यांच्या सावल्या एकाच जागी सहसा पडत नाहीत, त्यामुळे कोळशाचा पट्टा जातो. दिव्याच्या सेटिंगमधली भिंतींनी अडण्याची खूण काढून टाकायचा मोह होईल, तो टाळा. उजेड शेजारच्या बंद खोलीत सांडतो आणि खेळाडूंना न उघडलेला दरवाजा आतून दिसतो. मशाल खोलीबाहेर नेली की मधला दिवा हाताने बंद करायला विसरू नका.

खिडकीसाठी भिंतीचे प्रकार वेगळे करा. प्रत्येक भिंतीला हालचाल, उजेड, दृष्टी, आवाज यांची वेगवेगळी अडवणूक देता येते. काच: हालचाल अडवा, उजेड आणि दृष्टी सोडा. जाड पडदा: उजेड आणि दृष्टी अडवा, हालचाल सोडा. फासेपारखींनी सांगितलेल्या दोन रेषा अशा वेगळ्या राहतात.

टोकनची एक चूक सारखी होते. डार्कव्हिजन नसलेल्या पात्राला 'दिसावं म्हणून' व्हिजन रेंज ६० देतात. रेंज म्हणजे उजेडाशिवाय किती दिसतं ते. माणसाला शून्य द्या, व्हिजन फक्त चालू ठेवा. उजळलेली जागा कितीही लांब असली तरी रेषा मोकळी असेल तर त्याला दिसते. ६० दिलेत तर माणूस काळोखातही पाहू लागतो आणि मशालीची गरजच संपते.

निशाचर

इथवर उजेडाचं झालं, आता डोळ्याचं. दिवटींच्या प्रसंगाचं खरं उत्तर इथे आहे.

१०० फुटांवर, म्हणजे ३०.५ मीटरवर, १६ कँडेलाची मशाल गॉब्लिनवर ०.०१७ लक्स टाकते. पुस्तक याला काळोख म्हणतं. पण चांदण्यांच्या, बिनचंद्राच्या रात्रीचा उजेड ०.००१ लक्सच्या आसपास असतो. म्हणजे गॉब्लिनवर त्याच्या सतरा पट उजेड आहे. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला तेवढ्यात हलणारी आकृती कळायला हवी. मग मशालवाल्याला का कळत नाही?

कारण मशाल त्याच्याच डोळ्यांत आहे. प्रखर दिव्याचा प्रकाश डोळ्याच्या आत विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर एक पांढुरका पडदा येतो. त्याचा ढोबळ हिशेब करता येतो: दिव्यामुळे डोळ्यावर पडणारे लक्स गुणिले १०, भागिले नजरेपासूनच्या कोनाचा वर्ग. मशाल डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर, नजरेच्या ३० अंश बाजूला धरली तर डोळ्यावर ४४ लक्स. पडदा ४४० भागिले ९००, म्हणजे सुमारे ०.५ कँडेला प्रति चौरस मीटर. गॉब्लिनच्या अंगाची चकाकी, २० टक्के परावर्तन धरून, ०.००१. पडदा पाचशे पट उजळ. त्यामागे गॉब्लिन बुडाला.

हाच हिशेब २० फुटांसाठी केला तर वस्तूची चकाकी ०.०२७, म्हणजे पडद्याच्या पाच टक्के. ब्राइट उजेडाच्या काठावरसुद्धा मशालवाल्याला कष्टाने दिसतं! म्हणून मशाल धरायची पद्धत महत्त्वाची आहे. हात पूर्ण वर, ज्योत भुवईच्या वर नजरेआड जाईल अशी, किंवा मागच्या माणसाच्या हातात. नाहीतर ज्योत आणि डोळा यांच्यात ढालीची कड. बुल्सआय लँटर्नचा मोठा फायदा हाच: पत्र्याची पाठ ज्योतीला मालकाच्या डोळ्यांपासून लपवते.

तेव्हा दिवटी, माझा निर्णय असा. मशालवाल्याला गॉब्लिन दिसत नाही. पण त्याच्या ३० फूट पुढे, मशालीकडे पाठ करून उभ्या असलेल्या टेहळ्याला पर्सेप्शनचा, म्हणजे हेरण्याचा, फासा टाकू द्या, डिसॲडव्हांटेजने (दोन फाशांतला लहान आकडा घ्यायचा). तो ज्योतीपासून दूर आहे, ज्योत नजरेत नाही, आणि गॉब्लिनवर उजेड तेवढाच आहे. गॉब्लिनच्या बाजूने पाहिलं तर टोळी ब्राइट उजेडात उभी आहे, त्याचं डार्कव्हिजन ६० च असलं तरी काही बिघडत नाही. उजळलेलं पाहायला डार्कव्हिजन लागतच नाही. तो टेहळा तर त्याला मशालीसमोरच्या काळ्या आकृतीसारखा ठसठशीत दिसेल.

फासेपारखी

निशाचर, यात फाशांचा हिशेब जोडतो. गॉब्लिन न दिसता बाण मारतो, म्हणून ॲडव्हांटेज (दोन फाशांतला मोठा आकडा). शॉर्टबोचा पल्ला ८० (सहज) आणि ३२० फूट (कमाल), तो १०० फुटांवर आहे, म्हणून डिसॲडव्हांटेज. एकमेकांना खातात, साधा एक फासा. त्याने २० फूट पुढे येऊन मारलं तर नुसतं ॲडव्हांटेज उरतं आणि तरीही तो मशालीच्या ४० फुटांच्या वर्तुळाबाहेरच राहतो. गॉब्लिन चालवणाऱ्या डीएमने (डंजन मास्टरने) हे २० फूट चालायलाच हवेत.

एक विचारतो. मशाल विझली तर?

निशाचर

विझल्या क्षणी टोळी जवळपास आंधळी. डोळ्यातल्या शंकुपेशींना (उजेडात पाहणाऱ्या) सावरायला दहाएक मिनिटं लागतात, दंडपेशींना (अंधारात पाहणाऱ्या) वीस ते तीस. राउंड, म्हणजे लढाईची एक फेरी, सहा सेकंदांचा, म्हणजे पूर्ण सराव व्हायला २०० ते ३०० राउंड. लढाई त्याच्या कितीतरी आधी संपते. म्हणून लढाईपुरतं: मशाल विझल्यावर दहा राउंड डिम जागाही काळोख धरायची. ज्याने आधीपासून एक डोळा झाकून ठेवला होता त्याला सूट द्या, दोन डोळे वेगवेगळे सरावतात. लाल काचेचा कंदील वापरणाऱ्यालाही सूट द्या. दंडपेशी गडद लाल प्रकाशाला फारशा दाद देत नाहीत, त्यामुळे नकाशा वाचूनही सराव मोडत नाही. आणि अंधारात रोखून पाहू नये, थोडं बाजूला पाहावं. नजरेच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात.

डार्कव्हिजनबद्दल. पहिल्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीत इन्फ्राव्हिजन होतं, उष्णता पाहणारं. ते तिसऱ्या आवृत्तीत, २००० साली, गेलं आणि ते गेलं हे बरंच झालं. ३७ अंशांचं शरीर ज्या तरंगलांबीवर सर्वाधिक उत्सर्जन करतं ती ९.३ मायक्रोमीटर. पाणी तिथे अपारदर्शक आहे आणि डोळा पाण्याने भरलेला. शिवाय डोळा स्वतः ३७ अंशांचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतच दिवा लावल्यासारखं. सह्याद्रीतला चापडा उष्णता ओळखतो, पण डोळ्याने नाही, डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या खळग्यातल्या पडद्याने. काचही या तरंगलांबीला अपारदर्शक, म्हणून इन्फ्राव्हिजनवाल्या प्राण्याला खिडकीतून काहीच दिसू नये. असे प्रश्न प्रत्येक दरवाजाशी येत राहिले असते.

आजचं डार्कव्हिजन काळोखाला डिम करतं. चांदण्याचा उजेड ०.११ लक्सपर्यंत आणायला शंभर पट वाढवावा लागतो. मांजराचं काम माणसाच्या साधारण सहाव्या हिश्श्याच्या उजेडात भागतं. शंभर पट म्हणजे जादू, आणि ती तशीच मान्य करावी. पण ज्या राक्षसाचे डोळे तुम्ही मांजर, बिबट्या किंवा गाईसारखे वर्णन करता, त्याला त्याचा तोटाही द्या. त्यांच्या दृष्टिपटलामागचा चमकता थर उजेड आला तिकडेच परत पाठवतो. ज्याचा दिवा स्वतःच्या डोळ्यांजवळ आहे त्याला डिम वर्तुळाच्या कितीतरी बाहेर दोन ठिपके लुकलुकताना दिसतात. शेजारी दहा फुटांवर उभ्या असलेल्याला ते दिसत नाहीत. हे ठिपके मशालीने पडद्यात बुडू शकतात, बुल्सआय कंदिलाने नक्की दिसावेत.

चौकट

मग डार्कनेस स्पेल? १५ फूट त्रिज्येचा गोल. त्याच्या पलीकडे उभा असलेला ओगर (धिप्पाड राक्षस) दिसतो की नाही, यावर दर वेळी गाडी अडते.

फासेपारखी

साध्या काळोखाच्या पलीकडचं दिसतंच. रात्री दूरच्या टेकडीवरचा दिवा मधल्या सगळ्या अंधारातून दिसतो. २०१५ साली केलेल्या एका मोजणीनुसार मेणबत्तीची ज्योत २.६ किलोमीटरवर सहाव्या प्रतीच्या ताऱ्याएवढी भासते, म्हणजे उघड्या डोळ्यांच्या टोकाच्या मर्यादेवर.

स्पेलचे दोन अर्थ लावतात. पहिला, शाईचा गोळा: आत शिरलेला प्रत्येक किरण गिळला जातो. दुसरा, विझवलेली जागा: आतल्या वस्तूंवर उजेड पडत नाही, पण किरण आरपार जातात. दुसरा घेतला तर आतल्या तिरंदाजाला बाहेरचे सगळे दिसतात, त्याला कोणी पाहत नाही, आणि दुसऱ्या पातळीच्या एका स्पेलमध्ये दहा मिनिटांचं ॲडव्हांटेज मिळतं. शिवाय तो उजळ भिंतीसमोर काळी आकृती म्हणून दिसायला हवा, ते वेगळंच त्रांगडं.

मी शाईचा गोळा घेतो. डार्कव्हिजनला त्याच्या आरपार दिसत नाही असं स्पेलमध्ये म्हटलंय, ते याच अर्थाशी जुळतं. पण मग त्याचे परिणामही पाळा: उजळ दालनात तो गोळा लांबूनच दिसतो, मशालीच्या विरुद्ध बाजूला त्याची सावली पडते, पलीकडचा ओगर झाकला जातो. आतला आणि बाहेरचा दोघेही एकमेकांना आंधळे, ॲडव्हांटेज-डिसॲडव्हांटेज खाऊन साधा फासा. डेव्हिल्स साइट ही शक्ती असलेला वॉरलॉक (एक प्रकारचा जादूगार) तेवढा वेगळा, त्याला अशा काळोखातही १२० फुटांपर्यंत दिसतं.

धुकट

फॉग क्लाउड या धुक्याच्या स्पेलबद्दल थोडं. उजेड धुक्यातून जाताना घातांकाने कमी होतो, म्हणून 'दिसतं' आणि 'दिसत नाही' यांत धारदार कड नसते. हवामानशास्त्रात दृश्यमानता १ किलोमीटरच्या खाली गेली की धुकं म्हणतात. दृश्यमानता ५० मीटर इतकं दाट धुकं घेतलं तरी त्या स्पेलचा ४० फूट व्यासाचा गोल ओलांडून ३९ टक्के प्रकाश थेट पलीकडे पोचतो. म्हणजे पावसाळ्यातल्या आंबोली घाटातलं धुकं आणून ठेवलं तरी फॉग क्लाउडचं काम होणार नाही. शेजारच्या चौकटीपलीकडे दिसू नये एवढं करायला त्याच्या तीसेक पट दाट धूर लागेल. तेव्हा नैसर्गिक धुक्याला पहिले ५० फूट काहीच अडथळा धरू नका, पुढे लाइटली ऑब्स्क्युअर्ड (अर्धवट झाकलेलं), १५० फुटांपलीकडे हेव्हिली.

धुक्यात दिवा पेटवणं हा तोटा आहे. थेंबांवरून उजेड उलट डोळ्यांत येतो. घाटात अपर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, आणि फॉग लॅम्प म्हणूनच बंपरवर खाली बसवतात. खेळात: धुक्यातल्या मशालवाल्याचं अंतर निम्मं करा, आणि बाहेरच्यांना त्याची जागा आपोआप कळू द्या, कारण प्रभावळ लांबून दिसते. माणूस दिसत नाही, ठिकाण कळतं. २०१४ च्या नियमांत लपणं म्हणजे न दिसणं आणि ऐकू न येणं, हे इथे आठवावं.

काजळी

काचेवर एक भर. मिस्टी स्टेप खिडकीतून जमतं हे खरं, पण उजळ खोलीतून रात्री बाहेर नाही. काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवरून मिळून ८ टक्के उजेड परत येतो. खोलीतल्या चुन्याच्या भिंतीवर ५ लक्स असतील तर काचेतलं तिचं प्रतिबिंब बाहेरच्या चांदण्यातल्या अंगणापेक्षा कितीतरी उजळ असतं. खेळाडूला स्वतःची खोलीच दिसते. बाहेरच्या चोराला मात्र आतलं सगळं स्वच्छ दिसतं. उपाय साधा: कपाळ काचेला टेकवून दोन्ही हातांनी आडोसा करायचा, म्हणजे एक ॲक्शन (राउंडमधली एक कृती) खर्ची. किंवा दिवा विझवायचा.

पाण्याचंही तसंच. काठावरून १० मीटर लांबचं पाणी पाहिलं तर नजर पृष्ठभागाला जवळपास समांतर जाते आणि एक तृतीयांश उजेड वरूनच परावर्तित होतो, आकाशासकट. पुलावरून सरळ खाली पाहिलं तर फक्त २ टक्के. काठावरच्या पहारेकऱ्याला बुडी मारलेला माणूस दिसू नये, पुलावरच्याला दिसावा. आणि दिसला तरी खरा असतो त्याच्या पाऊणपटच खोल भासतो, म्हणून भाला दिसतो त्याच्या खाली मारायचा.

चौकट

आरसा राहिला. नजरेने दगड करणाऱ्या मेडुसासाठी कोपऱ्यावरून हातातला स्टीलचा आरसा बाहेर काढला तर किती दिसतं?

कवडसा

१० सेंटिमीटरचा आरसा हातभर अंतरावर धरला तर साडेनऊ अंश दिसतात. आरशापलीकडे २० फुटांवर त्यात सुमारे ११० सेंटिमीटर रुंदी मावते, म्हणजे एक चौकटही पुरती नाही. एका ॲक्शनला एक चौकट, एवढंच द्या. अंतर मोजताना डोळा ते आरसा आणि आरसा ते लक्ष्य यांची बेरीज. घासलेलं स्टील साधारण निम्म्याहून थोडा जास्त उजेड परत देतं, म्हणून डिम जागेतलं आरशात काळोख धरा. ढालीचा फुगीर पत्रा जास्त जागा दाखवतो पण सगळं बारीक करून. मेडुसा ओळखू येईल, तिची नजर कुठे आहे ते नाही.

दिवटी

मूळ दालनाकडे परत येतो, कारण तिसरा प्रश्न अजून शिल्लक आहे. गॉब्लिन तिथेच, १०० फुटांवर. त्याच्या पाठीमागचा दरवाजा आता त्याच्या साथीदाराने उघडला. पलीकडे चुन्याची भिंत आणि तिच्यावर मशालीचा उजेड, समजा १ लक्स. गॉब्लिनची चौकट अजून काळोखातच. पुस्तकाप्रमाणे काहीच बदललं नाही. मशालवाल्याला तो आता दिसतो का?

निशाचर

दिसतो. भिंतीची चकाकी, परावर्तन निम्मं धरून, ०.१६ कँडेला प्रति चौरस मीटर. मशालीचा पडदा ०.५ सगळ्यांवर सारखाच पसरलेला. भिंत आणि पडदा मिळून ०.६६, गॉब्लिनच्या जागी नुसता ०.५. फरक पाव हिस्सा. मीटरभर उंचीची आकृती ३० मीटरवर जवळजवळ दोन अंशांची, म्हणजे चंद्राच्या जवळपास चौपट उंच. एवढ्या मोठ्या आकृतीला पाव हिस्सा फरक भरपूर झाला.

दिसतं काय, तर बाह्यरेखा. धनुष्य उचललं हे कळतं, चेहरा कळत नाही. तेव्हा मशालवाला डिसॲडव्हांटेज न घेता बाण मारू शकतो, आणि गॉब्लिनचं न दिसण्याचं ॲडव्हांटेज गेलं. हा गॉब्लिन की हाफलिंग (बुटक्या जमातीतला), हे मात्र त्याला विचारू देऊ नका. गॉब्लिनने एक चौकट बाजूला सरकून दरवाजाची चौकट पाठीमागून घालवली, की आकृती पुन्हा काळ्या भिंतीत मिसळते आणि सगळं पहिल्यासारखं. त्यासाठी त्याची फक्त ५ फुटांची हालचाल लागते.